बॉनेटपाशी एक माणूस हवा

आमच्याकडे एक गाडी होती. पांढरी, गोल पाठीची. ह्यांनी ती खात्यातून रिटायर होणाऱ्या एका साहेबांकडून घेतली होती, आणि त्या दिवसापासून आमच्या घरात तिघं राहतात असं मी लोकांना सांगायची: मी, मुलगी आणि गाडी. ह्यांना मी मोजायची नाही, कारण हे बहुतेक गाडीच्या खालीच असायचे.

मी फार शिकलेली नाही. सातवीनंतर शाळा सुटली, पुढचं सगळं वाचन दिवाळी अंकांतून आणि वाण्याच्या पुड्यांच्या कागदांतून. त्यामुळे यंत्राबिंत्राबद्दल लिहिताना माझं काही चुकलं तर समजून घ्या. पण ही एक गोष्ट मला बारकाव्यासकट माहिती आहे. इतकी माहिती नसती तर बरं झालं असतं, असं पुष्कळदा वाटतं.

आम्ही तेव्हा लक्ष्मीबाई नगरच्या सरकारी क्वार्टरमध्ये राहत होतो. तळमजला, मागे छोटं अंगण, अंगणापलीकडे गल्ली, आणि गल्लीत गाडी. दिल्ली तेव्हा डोळ्यांदेखत बदलत होती. टीव्हीवर दोन चॅनेलं होती त्यांची चाळीस झाली. ज्यांच्याकडे स्कूटर होती त्यांच्या दारात नव्या छोट्या गाड्या आल्या. त्यांना चावी लावली की त्या चालू झाल्या हे कळायचंसुद्धा नाही. आमच्या गाडीचं चालू होणं सगळ्या कॉलनीला कळायचं.

हे रिटायर झाले त्याच सुमारास द्वारकेतल्या सोसायटीचा फ्लॅट एकदाचा हातात आला. किती वर्षं वाट पाहिली होती. मी बघायला गेले तेव्हा चहूकडे नुसती वाळू, विटांचे ढीग आणि उभ्या राहिलेल्या रिकाम्या इमारती. जुने लोक त्या भागाला अजून पप्पनकलांच म्हणत. भाजी घ्यायची तरी किती लांब जावं लागे, बस कधी यायची कधी नाही, आणि मेट्रो तर कुणाच्या स्वप्नातही नव्हती. म्हणजे गाडी हवीच. पण पेन्शनीत पेट्रोल परवडणार नाही. तेव्हा बरेच लोक करत ते ह्यांनी ठरवलं: पेट्रोलचं जुनं इंजिन उतरवायचं आणि त्या जागी डिझेलचं बसवायचं.

सरकारी माणूस, त्यामुळे आधी परवानगीचा कागद, मग इंजिन. ते मायापुरीच्या कबाडी बाजारातून आणलं. बसवायला गाझियाबादचा एक मिस्त्री ठरवला, तो दर रविवारी स्कूटरवरून यायचा. हे मला म्हणाले, "सामान टेम्पोत जाईल. तू मात्र ह्या गाडीतून नव्या घरी जाणार."

मी म्हटलं, "मला टेम्पोत ड्रायव्हरशेजारी बसायची लाज नाही हो."

"मला आहे ना," हे म्हणाले.

क्वार्टर सोडायला चार महिने होते. तेवढ्यात इंजिन बदलून व्हायला काय हरकत होती.

पहिल्या रविवारी गल्लीत तीन लोखंडी पाइप तिकाटण्यासारखे उभे करून, साखळीला टांगून, जुनं इंजिन वर काढलं. वरच्या मजल्यावरचे केरळचे शेजारी मदतीला आले होते. त्यांना मी भाईसाहब म्हणायची, ते मला भाभीजी. इंजिन निघाल्यावर मी बॉनेटखाली डोकावले. आत बघवेना. तेलाचे थर, चिखल, सुकलेली पानं. मी आपली पदर खोचून उभी, आणि बोलून गेले, "अहो, रिकामं झालंय तोवर आतून रंग मारून घ्या. असलं ओंगळ घेऊन मी नव्या घरी यायची नाही."

"अगं, इंजिनखाली कोण बघतंय?"

"मी बघते."

रंग घरात होताच. त्याच वर्षी खात्याचे रंगारी क्वार्टरांची दारं रंगवून गेले होते आणि हिरव्या रंगाचा अर्धा डबा आमच्या मोरीच्या माळ्यावर विसरले होते. तोच मी काढून दिला. ह्यांनी आठवडाभर काम केलं. रॉकेलने धुतलं, पॉलिशपेपरने घासलं, मग एक हात, तो वाळल्यावर दुसरा हात. ह्यांचं काम म्हणजे कसं, फाइलीला दोरासुद्धा सरळ गाठीचा लागायचा. स्क्रूची भोकं गंजू नयेत म्हणून त्यांच्या आतूनही बारीक ब्रश फिरवला. मुलगी शाळेत होती तेव्हाच्या तिच्या रंगपेटीतला ब्रश होता तो. झाल्यावर मी कौतुकाने शेजारणींना बोलावून दाखवलं. गाडी बाहेरून पांढरी आणि आतून सरकारी हिरवी. सगळ्या हसल्या, आणि हेही हसले.

पुढच्या रविवारी मिस्त्रीने डिझेलचं इंजिन बसवलं. संध्याकाळपर्यंत सगळं कसून झालं, पाइप जोडले, डिझेल भरलं. हे आत बसले, चावी फिरवली.

टक.

एवढंच. टक, आणि मग काही नाही. दिवे लख्ख लागत होते. हॉर्न असा वाजायचा की समोरच्या ब्लॉकमधली बाळं उठायची. पण स्टार्टर फिरेना.

मिस्त्री म्हणाला, "साहब, इंजन तो मैंने दुकान पे चलवा के लिया था। इंजन में कुछ नहीं है।"

मग सुरू झालं ते बघा. दुसऱ्याची बॅटरी लावून पाहिली. स्टार्टर उतरवून करोलबागेत उघडून आणला, तो ठीक निघाला. चावीची मागची तार बदलली. डिझेलच्या नळीत हवा अडकली असेल म्हणून नळी सोडून हवा काढली. भाईसाहब आणि आणखी चौघांनी गल्लीत धक्का मारला, पण डिझेलचं इंजिन ते, धक्क्याला दाद देईना. चाकं नुसती घासत गेली. मिस्त्री आणखी दोन रविवार आला, चावी फिरवून डोकं खाजवून गेला. मग त्याच्या घरात बहिणीचं लग्न निघालं आणि त्याचं येणं थांबलं.

हे मात्र रोज सकाळी नऊ वाजता, ऑफिसला जावं तसे, इस्त्रीचा शर्ट घालून गल्लीत जायचे. हातात एक वही. त्या वहीत हे रकाने आखून लिहायचे: क्रमांक, काय केले, परिणाम, शेरा. मी म्हणायची, ह्यांनी गाडीवर चौकशी बसवली आहे.

सुरुवातीला मला गंमत वाटायची, नंतर राग यायला लागला. घर आवरायचं होतं, तीस वर्षांचं सामान बांधायचं होतं, आणि हा माणूस दिवसभर बॉनेटमध्ये. एकदा मागच्या अंगणात तीनचार शेजारणी बसल्या होत्या. हे काळे हात घेऊन पाणी प्यायला आले. मी सगळ्यांदेखत म्हटलं, "उगाच कशाला जीव घालवता. बॉनेट उघडंच आहे, माती भरा, मी त्यात तुळस लावते." बाया हसल्या. हेही हसले. पाणी प्यायले, पेला विसळून पालथा घातला, आणि त्या दिवशी परत गल्लीत गेले नाहीत. पलंगावर वर्तमानपत्र तोंडावर धरून पडून राहिले. मला दिसत होतं की पान उलटत नाहीये.

आणि आणखी एक दिवस. हा मला पुसता येत नाही. मी पोळ्या करत होते. हे दारात येऊन म्हणाले, "अगं, दोन मिनिटं येतेस? मी आत बसून चावी फिरवतो, तू जरा बॉनेटपाशी उभी राहा. काय होतं ते बघ."

मी म्हटलं, "मला काय कळतं त्यातलं?"

"कळायचं नाहीये काही. नुसतं बघायचं."

"पोळ्या करपतील. भाईसाहबांना सांगा ना."

"ते ड्यूटीवर आहेत."

"मग येतील संध्याकाळी."

"हो, तेही खरं," असं म्हणून हे गेले. पाठमोरे दिसले, शर्टाच्या कॉलरला मागे हिरव्या रंगाचा एक ठिपका होता. तो मी धुताना काढायचा ठरवला होता आणि विसरले होते.

त्यानंतर आठवड्याभराने, मंगळवारी, सकाळी दाढी करता करता हे खाली बसले. अर्ध्या गालाला साबण होता. भाईसाहब धावत खाली आले, टॅक्सी केली. आमची गाडी चालू असती तर वेळेवर पोचलो असतो का, हे मी डॉक्टरांना विचारलं. ते म्हणाले, नाही, घरातच संपलं होतं. खरं सांगितलं की माझ्यासाठी सांगितलं, देव जाणे.

मुलगी एव्हाना पुण्यात राहत होती, ती आली. दिवस झाले, पाहुणे गेले. क्वार्टर सोडायला सहा आठवडे उरले होते, आणि जाताना गल्ली मोकळी करून द्यायची होती. मुलगी म्हणाली, "आई, ती गाडी कबाडीला देऊन टाक. बाबांची आठवण म्हणून काय गंज सांभाळणार आहेस?"

"तुझ्या बाबांनी मला त्या गाडीतून नेईन म्हटलं होतं."

"आई, ती चालू होत नाही. बाबांनाच जमलं नाही."

हे वाक्य मला लागलं. माहेरची माणसं, सासरची माणसं, कॉलनी, सगळे तेच म्हणत होते: बिचाऱ्याला फसवलं कबाड्याने, भंगार इंजिन गळ्यात मारलं, त्याच काळजीने गेले. म्हणजे ह्यांचं शेवटचं काम फुकट गेलं असा शिक्काच बसला होता. गाडी तशीच क्रेनला लटकून गेली असती तर तो शिक्का कायमचा राहिला असता. मला ते होऊ द्यायचं नव्हतं. मुलगी परत गेल्यावर मी ती वही काढली.

चौदा नोंदी होत्या. ह्यांचं अक्षर सरळ, टपोरं, एकही खाडाखोड नाही. बॅटरी बदलून पाहिली, फरक नाही. स्टार्टर तपासला, ठीक. दिवे उत्तम. हॉर्न उत्तम. शेऱ्याच्या रकान्यात कुठे 'मिस्त्रीस विचारणे', कुठे 'पुन्हा पाहणे'. अकराव्या नोंदीपाशी मी थांबले. तिथे शेरा असा होता: 'चावी फिरवताना बॉनेटपाशी एक माणूस हवा. सौ. कामात होत्या.'

नुसतं एवढंच. ह्यांनी तक्रार म्हणून लिहिलं नव्हतं. ऑफिसात लिहितात तसं, झालं ते लिहिलं होतं. मी वही मिटून उशाशी ठेवली.

दुसऱ्या दिवशी भाईसाहब ड्यूटीवरून आल्यावर मी किल्ली घेऊन वर गेले. म्हटलं, "भाईसाहब, आप चाबी घुमाइए। मैं बॉनेट के पास खड़ी रहूँगी।"

"भाभीजी, बॅटरी बैठ गई होगी।"

"चार्ज करवा के लाई हूँ। रिक्शे में रख के।"

त्यांनी माझ्याकडे पाहिलं आणि चप्पल घातली.

हे म्हणाले होते, नुसतं बघायचं. मी बघत होते. भाईसाहबांनी चावी फिरवली. टक. पुन्हा. टक. दिसलं तर काहीच नाही. तिसऱ्यांदा त्यांना म्हटलं, धरून ठेवा. आणि माझा हात सवयीने पुढे गेला. स्वयंपाकघरात आपण बघतो कमी आणि चाचपतो जास्त. कुकरची मूठ, तव्याची कड, पातेल्याचा कान. तसा मी आत हात फिरवला. ॲक्सिलरेटरची तार, जी पायापासून इंजिनापर्यंत जाते, तिला बोट लागलं आणि चटका बसला. फोडणीची पळी धरावी तशी तापली होती. इंजिन गार, सगळं गार, आणि ती एवढीशी तार भाजतेय. असं कसं?

मी तशीच बाजारातल्या पीसीओवर गेले आणि गाझियाबादला मिस्त्रीच्या शेजारच्या दुकानात फोन लावला. त्याला बोलावून आणेपर्यंत तोंडाने बोट फुंकत उभी होते. साहेब गेल्याचं त्याला कळलं होतं. मग मी म्हटलं, "मिस्त्रीजी, चाबी घुमाते हैं तो एक्सीलेटर की तार गरम होती है।"

तो म्हणाला, "फिर से बोलना, भाभीजी।"

मी पुन्हा सांगितलं.

"साहब ने तो ये कभी बताया नहीं।"

"साहब तो अंदर बैठते थे, चाबी पे। बाहर कोई होता नहीं था।"

"हम भी चाबी पे ही बैठे," तो म्हणाला. "अच्छा, सुनिए।" आणि त्याने मला समजावलं. इंजिन रबराच्या गाद्यांवर बसलेलं असतं. बॅटरीची एक बाजू गाडीच्या अंगाला जोडलेली. म्हणून इंजिन आणि गाडीचं अंग ह्यांना सांधणारी विणलेल्या तांब्याची एक जाड पट्टी असते, तिला अर्थ म्हणतात, अर्थिंगमधला अर्थ. करंट तिच्यातून परत जातो. तो रस्ता बंद असेल तर करंट दुसरी वाट शोधतो, आणि बारीक तारेतून जायला गेला की तार तापते. दिवे, हॉर्न गाडीच्या अंगावर, म्हणून ते चालतात. स्टार्टर इंजिनावर, म्हणून तो नाही. "वो पट्टी बॉडी पे जहाँ कसी है, उसे खोल के देखिए। नीचे लोहा चमकना चाहिए।"

त्याने सांगितलं तसं भाईसाहबांनी आधी बॅटरी सोडली, मग पान्याने पट्टीचा स्क्रू काढला. पट्टी बाजूला झाली. खाली लोहा चमकत नव्हता. खाली रंग होता. आमच्या दारांचा हिरवा रंग, दोन हातांचा, गुळगुळीत, कुठे टवका नाही. भोकाच्या आतसुद्धा.

भाईसाहब मान वाकवून बघत होते. म्हणाले, "इतना अच्छा पेंट कौन करता है।" मग त्यांच्या लक्षात आलं, आणि त्यांनी पाना खाली ठेवला.

मला सगळं एकदम कळलं. इंजिन चांगलं होतं. कबाड्याने फसवलं नव्हतं. ह्यांच्या हातून चूक झाली म्हणावी तर ती एवढीच, की बायकोने सांगितलेलं काम त्यांनी मन लावून केलं. आणि ती चूक शोधायला लागणारा दुसरा माणूस दहा पावलांवर पोळ्या लाटत होता.

ह्यांच्या हत्यारांच्या पेटीत पॉलिशपेपर होता, लाकडाच्या ठोकळ्याला गुंडाळून ठेवलेला, त्यांनीच वापरलेला. भाईसाहब म्हणाले, "मैं करता हूँ।" मी नको म्हटलं. त्या रंगात ब्रशचा एक केस अडकून वाळला होता. ब्रश कसा फिरला, कुठे थांबला, कुठे पुन्हा टेकला, सगळं दिसत होतं. मी ते घासायला लागले. रुपयाच्या नाण्याएवढी जागा होती, पण रंग निघता निघेना. हिरवी भुकटी बोटांवर आली. केस कधी गेला ते कळलं नाही. खालचं लोखंड दिसायला लागलं तेव्हा मी थांबले.

रविवारी मिस्त्री आला. भोक आतून साफ केलं, पट्टी पुन्हा कसली. मी त्याला म्हटलं, "रंग लगाने को मैंने बोला था। साहब ने नहीं सोचा था।"

तो पाना पुसत म्हणाला, "भाभीजी, पट्टी तो मैंने कसी थी। हरे रंग के ऊपर। अँधेरा हो रहा था, जल्दी थी।" मग म्हणाला, "तीन बार आया मैं। एक बार हाथ रख के देख लेता।"

असे आम्ही दोघं आपापलं घेऊन उभे. मग भाईसाहब आत बसले. मी बॉनेटपाशी. चावी फिरली आणि स्टार्टर घरघरला. एकदा, दोनदा, मग इंजिनाने धक्का दिला, काळा धूर सोडला आणि ते धडधडायला लागलं. ब्लॉकच्या खिडक्या उघडल्या. मी तारेला हात लावला. तार गार होती.

महिनाभराने सामान टेम्पोतून गेलं आणि मी गाडीतून गेले. भाईसाहब चालवत होते. विमानतळ मागे पडल्यावर ते काहीतरी म्हणाले, साहबांबद्दल असावं, पण डिझेलचा आवाज इतका होता की मला ऐकू आलं नाही, आणि मी पुन्हा विचारलंही नाही. तो आवाज होता ते बरं होतं. द्वारकेपर्यंत मी खिडकीकडे तोंड करून बसले होते आणि त्यांना काही ऐकू गेलं नसावं.

पुढे ती गाडी आठनऊ वर्षं सोसायटीच्या आवारात होती. नंतरनंतर फारशी चालली नाही, जुन्या डिझेल गाड्यांना शहरात जागाच उरली नाही. पण त्या उघड्या लोखंडावर गंज चढू नये म्हणून मी दर दसऱ्याला पट्टीभोवती ग्रीस लावायची.

नव्या घरी पोचले त्या संध्याकाळी खोकी तशीच होती. मी वही काढली आणि ह्यांच्या रकान्यांत पंधरावी नोंद केली. माझं अक्षर वाकडं, ह्यांच्या चौदा नोंदींच्या खाली फारच वाईट दिसत होतं. काय केले: अर्थच्या पट्टीखालचा रंग खरवडला. परिणाम: चालू झाली. शेऱ्याच्या रकान्यात मी लिहिलं, बॉनेटपाशी मी होते. वाचून पाहिलं, आणि खोडलं. तो रकाना तसाच आहे.